वाचकांचे प्रश्न : डिझायनर बुटांतले डिझाइन नेमके कुठे असते?

प्रश्न : माझी मुलगी मुंबईत फॅशन डिझाइनचे शिक्षण घेते आणि सध्या विसाव्या शतकातील नामवंत बूट-रचनाकारांचा अभ्यास करते आहे. टाच उंच केली, खडे लावले आणि भारी किंमत सांगितली, यापलीकडे या मंडळींनी काय केले, असा मला प्रश्न पडतो. वेज हील (टाचेपासून चवड्यापर्यंत सलग भरीव असलेली टाच) आणि पेन्सिल हील (अगदी बारीक, उंच टाच) हे खरोखरीचे शोध आहेत, असे तिचे म्हणणे. आपले मत कळवावे. – एक वाचक, परळ

उत्तर : आमचे मत आपल्या कन्येच्या बाजूने पडते. डिझायनर बूट म्हटले की नजर मखमलीवर आणि बक्कलवर जाते. परंतु त्या शतकात जे बूट खऱ्या अर्थाने नवे ठरले, त्यांतले नावीन्य बहुतेकदा तळव्याखाली, न दिसणाऱ्या जागी होते. टाच उंचावली की तळपायाची कमान टाच आणि चवडा यांच्यामध्ये अधांतरी राहते. तिला आधार देण्यासाठी तळाच्या थरांमध्ये पोलादाची एक अरुंद पट्टी बसवतात. तिला शँक म्हणतात. ही पट्टी कच्ची असली, तर बूट मध्येच खचतो.

वेज हीलचा जन्म या पट्टीच्या टंचाईतून झाला. नेपल्सजवळच्या बोनितो गावात १८९८ साली जन्मलेले साल्वातोरे फेरागामो यांनी अमेरिकेत हॉलिवूडच्या चित्रपटांसाठी बूट तयार केले, पायाची रचना समजावी म्हणून तिथल्या विद्यापीठात शरीररचनाशास्त्राचे धडे घेतले आणि १९२७ मध्ये ते इटलीला परतून फ्लॉरेन्समध्ये स्थिरावले. १९३५ साली इटलीने इथिओपियावर आक्रमण केले, राष्ट्रसंघाने निर्बंध लादले आणि चांगले पोलाद मिळेनासे झाले. हलक्या पोलादाच्या पट्ट्या मोडू लागल्या, तेव्हा फेरागामो यांनी पट्टीची गरजच संपवली : टाचेपासून चवड्यापर्यंतची सगळी पोकळी त्यांनी बुचाचे तुकडे चिकटवून भरून काढली. बूच वजनाला हलके आणि भार पेलायला पुरेसे असते. पुढे महायुद्धात चामड्याचीही चणचण भासू लागली, तेव्हा हाच घाट युरोप-अमेरिकेत घरोघरी पोहोचला.

१९३८ साली त्यांनी जूडी गारलंड या अभिनेत्रीसाठी केलेली सँडल मुलीला अवश्य पाहायला सांगावी. बुचाचे थर एकावर एक रचून, प्रत्येक थराला वेगळ्या रंगाचे मऊ सुएड चामडे गुंडाळलेले आहे आणि वर सोनेरी चामड्याचे पट्टे आहेत. इथे सजावट वेगळी चिकटवलेली नाही; भार पेलणारा भागच सजला आहे. १९४७ साली त्यांनी मासेमारीच्या गळाला असतो तशा पारदर्शक नायलॉनच्या दोऱ्यांची ‘अदृश्य’ सँडल केली, आणि तिला त्या वर्षी अमेरिकेतील नीमन मार्कस पुरस्कार मिळाला.

पेन्सिल हीलची अडचण याच्या अगदी उलट होती. तिथे पोकळी भरायची नव्हती, तर आधारच जवळजवळ नाहीसा करायचा होता. लाकडाची टाच एका मर्यादेपलीकडे बारीक केली की मोडते. पन्नाशीच्या दशकात टाचेच्या आत धातूचा दांडा घालण्याचे तंत्र रुळले आणि स्टिलेटो, म्हणजेच पेन्सिल हील, शक्य झाली. तिचे श्रेय सहसा पॅरिसचे फॅशन डिझायनर क्रिस्तियाँ दिओर यांच्यासाठी काम करणारे बूट-रचनाकार रोजे व्हिव्हिए यांना आणि १९५४ या वर्षाला दिले जाते. पण फेरागामो व आणखी एक बूट-रचनाकार आंद्रे पेरुजिया हेही त्याच वाटेवर होते, त्यामुळे एकाच नावाचा आग्रह धरू नये. दांड्याने टाच वाचली, जमीन मात्र वाचली नाही : पन्नास किलो वजनाच्या बाईचा सगळा भार पाऊल टाकताना क्षणभर एखाद्या चौरस सेंटिमीटरवर येतो. लाकडी जमिनींना खळगे पडू लागले, आणि काही इमारतींनी अशा बुटांना सरळ मज्जाव केला. १९६३ साली व्हिव्हिए यांनी स्वल्पविरामासारखी आत वळलेली टाच काढली. आमच्या मते त्यांच्या साऱ्या कामात ती सर्वांत देखणी आहे, कारण ती वळूनही भार नेमका टाचेच्या मध्याखाली आणते.

आपली शंका सर्वस्वी चुकीची आहे, असेही नाही. १९९३ साली पॅरिसमधील फॅशन शोमध्ये ब्रिटिश डिझायनर व्हिव्हियन वेस्टवूड यांचे प्रचंड उंच बूट घालून चालताना मॉडेल नेओमी कॅम्पबेल पडली आणि त्या बुटांना अफाट प्रसिद्धी मिळाली. त्यात धाडस होते, गंमतही होती. पण चालण्याचा प्रश्न त्यांनी सोडवला नाही, आणि सोडवायचाही नव्हता.

मुलीला संधी मिळाली, तर चेंबूरच्या ठक्कर बाप्पा कॉलनीतले बुटांचे कारखाने दाखवून आणावे. तळ कसा बसतो, हे तिथे हातभर अंतरावरून पाहता येते. आपल्याला स्वतः पारख करायची असेल, तर लिंकिंग रोडवर उंच टाचेचा कोणताही बूट उचलावा, एका हातात टाच आणि दुसऱ्या हातात पुढचे टोक धरून हलकेच वाकवावे. तो चवड्यापाशी वाकला तर शँक ठीक आहे. कमानीपाशी वाकला, तर वरचे खडे कितीही चमकोत, तो घेऊ नये.