'मदर' खेळताना आईला फोन करायला विसरू नकोस

'मदर' या जपानी व्हिडिओ गेम मालिकेला हात घालतोयस ना, मग 1994 च्या दुसऱ्या भागापासून, म्हणजे 'अर्थबाउंड'पासून सुरुवात कर. 1989 चा पहिला भाग नंतर. त्यातल्या पावलोपावलीच्या मारामाऱ्या नवख्याला दमवतात.

'अर्थबाउंड'चा नायक नेस मध्येच घराच्या आठवणीने कासावीस होतो आणि ऐन लढाईत त्याचा वार वाया जातो. औषधं शोधत बसू नकोस, आईला फोन लाव. बाबा तर फोनवरच भेटतात: गेम सेव्ह करतात, खात्यात पैसे टाकतात. मालिकेचे निर्माते शिगेसातो इतोईंनी घरची ओढ अशी खेळातच मुरवली आहे, आणि माझा जीव जडला तो त्यामुळेच.

कान उघडे ठेव. पहिल्या दोन्ही भागांत आठ सुरावटी गोळा करायच्या असतात. दुसऱ्यात त्या साउंड स्टोन नावाच्या दगडात साठतात. नवी मिळाली की थांबून सगळ्या सलग ऐक. 2006 च्या 'मदर 3'मध्ये लढाईच्या संगीताच्या ठेक्यावर बटण दाबत राहिलास तर सलग 16 वार बसतात. ठेका सापडत नसेल तर शत्रूला झोपव, त्याच्या हृदयाचे ठोके ऐकू येतात. त्यावर बोट धर.

मोठ्या नाकाचे मिस्टर सॅटर्न नावाचे विचित्र जीव दिसले की प्रत्येकाशी बोल. आणि नेसच्या शेजारच्या पोकी नावाच्या मुलावर नजर असू दे.