यूट्यूब नसताना न्यूयॉर्कचं हिप हॉप लॉस एंजेलिसमध्ये कसं रुजलं? एखाद्या रेडिओ डीजेला त्याचं श्रेय देता येतं का?

देता येतं, आणि लॉस एंजेलिसपुरतं मी ते ग्रेग मॅकला देतो. तो एकटाच होता असं नाही. 'अंकल जॅम्स आर्मी'सारखी मंडळी आधीपासून मोठमोठे हॉल भाड्याने घेऊन डान्स भरवत होती, कॉम्प्टनमध्ये अलोन्झो विल्यम्सचा 'ईव्ह आफ्टर डार्क' क्लब जोरात होता. पण हे सगळं ज्याच्यामुळे शहरभर ऐकू आलं, तो मॅक.

1983 मध्ये तो ह्यूस्टनहून 'केडे' या स्टेशनवर म्युझिक डायरेक्टर म्हणून आला, म्हणजे कोणती गाणी वाजणार हे ठरवणारा माणूस. केडे होतं 1580 एएमवर. तोवर संगीत ऐकणारे बहुतेक लोक एफएमकडे वळले होते. आपल्याकडे मध्यम लहरींवरची अस्मिता वाहिनी आणि खासगी एफएम यांच्या आवाजात जो फरक जाणवायचा, तोच तिथेही होता. स्पर्धेत होतं गायक स्टीव्ही वंडरच्या मालकीचं केजेएलएच हे स्टेशन, तेही एफएमवर. आवाजाच्या बाबतीत त्याच्याशी टक्कर घेणं अशक्यच, म्हणून मॅकने इतर कुणी लावत नव्हतं ते लावायला घेतलं.

ते काय, हे त्याला गल्लीतच कळलं. तो साउथ लॉस एंजेलिसमध्ये राहायचा. पोरांच्या गाड्यांतून, खांद्यावरच्या टेपरेकॉर्डरमधून जे कानावर पडायचं ते लक्षात ठेवायचा आणि त्या रेकॉर्ड्स मिळवून स्टेशनवर लावायचा. त्या काळी न्यूयॉर्कमध्येसुद्धा मोठ्या स्टेशनवर रॅप ऐकायचं तर शुक्रवार-शनिवारच्या रात्रीची वाट बघावी लागे. मिस्टर मॅजिक या डीजेचा तिथल्या डब्ल्यूबीएलएस स्टेशनवरचा गाजलेला कार्यक्रमही तसाच. केडेवर रॅप दिवसाढवळ्या लागायला लागलं. माझ्या मते खरा फरक इथे पडला. रात्री उशिरा लागणारं संगीत शौकिनांपुरतं राहतं; शाळा सुटल्यावर लागणारं पोरांचं होतं.

पुढची गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. त्याने गावातले डीजे हवेवर आणले. 'वर्ल्ड क्लास रेकिन क्रू' या गटातले दोन तरुण डीजे, डॉ. ड्रे आणि यला, त्याच्यासाठी मिक्स, म्हणजे गाणी एकमेकांत मिसळून सलग वाजणारा तुकडा, करायला लागले, आणि संध्याकाळी रस्ते तुंबलेले असताना ते मिक्स वाजायचे. तेव्हा ड्रेला कॉम्प्टनबाहेर फारसं कोणी ओळखत नव्हतं. पुढे 'मिक्समास्टर्स' नावाचा ताफाच उभा राहिला: टोनी जी, ज्युलिओ जी, जो कूली. यातले टोनी आणि ज्युलिओ लॅटिनो. ही निवड विचारपूर्वक केलेली होती. शहरातल्या मेक्सिकन घरांतली पोरंही हे संगीत ऐकत होती, त्यांना आपला माणूस रेडिओवर मिळाला. वेस्ट कोस्टच्या, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या, हिप हॉपमध्ये लॅटिनो चेहरे पहिल्यापासून दिसतात, त्याची एक मुळी इथे आहे.

आता प्रमोटर म्हणून त्याचं काम. हे लोक विसरतात. मॅक नुसता स्टुडिओत बसून राहिला नाही. शाळांमधले डान्स, 'कासा कामिनो रिआल'सारखे हॉल, कॉम्प्टनमधलं 'स्केटलँड यूएसए' हे स्केटिंगचं मैदान, सगळीकडे केडेच्या नावाने कार्यक्रम व्हायचे. न्यूयॉर्कचे कलाकार तिथे यायचे आणि गावातल्या पोरांनाही त्याच मंचावर संधी मिळायची. ड्रे, यला आणि रॅपर ईझी-ई यांच्या एन.डब्ल्यू.ए. या गटाचे सुरुवातीचे कार्यक्रम स्केटलँडमधलेच. टोळ्यांच्या वस्तीत, दारावर मेटल डिटेक्टर लावून हे कार्यक्रम चालायचे. रेडिओवर नाव ऐकायचं, शनिवारी तोच माणूस समोर बघायचा आणि सोमवारी स्टेशनला फोन करून त्याचं गाणं मागायचं, असं ते चक्र होतं. ईझी-ई 1987 मध्ये पुढे आला तेव्हा कॉम्प्टनच्या पोराचं गाणं लावायला तयार असलेलं स्टेशन त्याला घराजवळच सापडलं. फक्त शिव्या काढलेली वेगळी आवृत्ती द्यावी लागे.

1986 च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसजवळच्या लाँग बीचला न्यूयॉर्कच्या रन-डीएमसी या रॅप गटाच्या कार्यक्रमात टोळ्यांची मारामारी झाली, चाळीसच्या वर लोक जखमी झाले. रॅप म्हणजे दंगा, असा ओरडा देशभर झाला. एखादं स्टेशन अशा वेळी गुपचूप गाणी बदलून मोकळं झालं असतं. केडेने ऑक्टोबरमध्ये 'शांतता दिन' ठेवला. रन-डीएमसी, गायक बॅरी व्हाइट आणि ऑलिंपिक सुवर्णपदक विजेता बॉक्सर पॉल गोन्झालेस स्टुडिओत येऊन बसले, आणि टोळ्यांमधल्या पोरांनी फोन करून थेट हवेवर आपलं म्हणणं मांडलं. त्याने टोळीयुद्ध थांबलं नाही. पण त्या पोरांचं ऐकून घेणारं, त्यांचा विश्वास असलेलं दुसरं माध्यम तेव्हा शहरात होतं कुठे? हा विश्वास मॅकसारख्यांनी त्यांच्या वस्तीत जाऊन कमावला होता. मला या माणसाबद्दल आदर वाटतो तो सगळ्यात जास्त यासाठी.

मार्च 1991 मध्ये स्टेशनची मालकी बदलल्यावर तिथे उद्योगविश्वाच्या बातम्या सुरू झाल्या. पुढच्या काही वर्षांत 'पॉवर 106' या एफएम स्टेशनने तोच श्रोता धरला आणि ते मोठं झालं.

मुंबईत मात्र रेडिओने असं काही केलं नाही. डिव्हाइन आणि नेझी या मुंबईच्या रॅपरांचं 2015 चं गाणं पसरलं ते मोबाइलवरून. आपली खासगी एफएम स्टेशनं सिनेमाच्या गाण्यांतच रमलेली होती. मराठीत रॅप करणाऱ्यांनाही त्यांच्याकडून फारसं काही मिळालं नाही. धारावीत, कुर्ल्यात राहणारा आणि तिथल्या पोरांच्या कानात काय वाजतंय ते ऐकून दुपारी चार वाजता तेच लावणारा एखादा म्युझिक डायरेक्टर 2010 च्या सुमारास आपल्याला मिळायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं.

आणि हो, केडेच्या कार्यक्रमांच्या लोकांनी घरी भरून ठेवलेल्या कॅसेट आता नेटवर सापडतात. 'केडे मिक्समास्टर्स' असं शोधा आणि जाहिरातींसकट ऐका. मधे मधे श्रोत्यांचे फोनही लागतील, ते पुढे ढकलू नका.