बाबांची ड्यूटी संपतच नाही

"रिटायर होऊन तीन वर्षं झाली, तरी बाबा रात्री दोन-तीनदा उठून घरभर फिरतात. सिलिंडरचा रेग्युलेटर बघतात, चार्जर काढून ठेवतात. परवा नातवाच्या वाढदिवसाला मेणबत्त्यांशेजारी पाण्याची बादली घेऊन उभे! डोक्यावर परिणाम झालाय का हो?" सून विचारत होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) मी समुपदेशक; पोलिसांच्या, फौजींच्या घरांतूनही हा प्रश्न मला वरचेवर येतो.

सासरे मूळचे कोकणातले. अठराव्या वर्षी नौदलात गेले, पंधरा वर्षांनी पेन्शन घेऊन बाहेर पडले, मग अठ्ठावन्नपर्यंत मुंबईत अग्निशमन दलात. चाळीस वर्षं पाळीची झोप.

पहिल्या भेटीत मीच माती खाल्ली. "सगळ्यात भयंकर आग कुठली?" असं विचारून बसले. काका खुर्चीत ताठ झाले, "सगळ्या सारख्याच, मॅडम," म्हणाले आणि उरलेला वेळ भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. पुढच्या वेळी एवढंच विचारलं, जहाजावर झोपायचात कधी? मग गाडी सुटली. चार-चार तासांचे वॉच (पहाऱ्याच्या पाळ्या), संध्याकाळी दोन-दोन तासांचे डॉग वॉच, म्हणजे रोज पाळी सरकते. रात्री बारा ते चारचा मिडल वॉच सगळ्यांना नकोसा. "दर्यात आग लागली तर बंब कुठून येणार? आपणच विझवायची." नंतर फायर स्टेशनात वर्दी आली, म्हणजे आगीचा कॉल आला, की झोपेतून उठून थेट गाडीवर. आजही त्यांच्या चपला पलंगाखाली दाराकडे तोंड करून असतात आणि टॉर्च उशीच्या उजव्या हाताला.

बोलता बोलता ते म्हणाले, "रिलीव्हर आल्याशिवाय वॉच सोडायचा नसतो." रिलीव्हर म्हणजे पुढची पाळी घेणारा. मी ते वहीत लिहून घेतलं. घरात त्यांना रिलीव्हर कोण होता?

मुलाला बोलावलं. रोज रात्री साडेदहाला बापलेकांनी मिळून एकच फेरी मारायची: गॅस, गीझर, दार. मग मुलाने "बाबा, आता माझा वॉच" म्हणायचं आणि काकांनी पुन्हा उठायचं नाही. हे सगळ्यांना चालत नाही. एकदा बघूनही खात्री पटत नाही, पुन्हा पुन्हा बघितल्याशिवाय जीव घाबरा होतो, असं असेल तर तो मंत्रचळ असू शकतो आणि घरच्यांनी त्यात सामील झालं की तो वाढतो. काकांचं तसं नव्हतं. मुलाला मात्र पहिले आठ दिवस हसू आवरेना.

दुसरी गोष्ट सुनेला ठाऊकच नव्हती. फौजी कॅन्टीनच्या कोट्यातल्या रमचे दोन पेग, झोप लागावी म्हणून. दारूने झोप लवकर लागते खरी, पण उत्तररात्री मोडते, आणि काका नेमके तीनला उठायचे. पेग हळूहळू सुटले, दोन महिने गेले त्यात.

पाचव्या भेटीत, मी न विचारता, ते मुंबईतल्या काळबादेवीच्या आगीवर आले. मे 2015 च्या त्या आगीने दलाच्या चार अधिकाऱ्यांचा बळी घेतला. "त्या दिवशी मी सुट्टीवर होतो," एवढंच म्हणाले. अजून कधीकधी ते स्वप्नात येतं. त्यासाठी मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, तिथे माझं काम थांबतं. तुमच्याकडे असं कुणी असेल आणि कुठे जायचं सुचत नसेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा फोन फुकट आहे.

आता काका रात्री एकदाच उठतात, तेही लघवीला. दिवसा मात्र सोसायटीच्या मागे लागलेत. जिन्यातल्या होज बॉक्सला, म्हणजे आग विझवायच्या पाइपाच्या पेटीला, कुलूप आणि किल्ली सेक्रेटरींकडे, हे त्यांच्या लक्षात आलं. 2006 च्या राज्याच्या कायद्यानुसार जानेवारीत आणि जुलैत आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं, ते दाखवा म्हणून हटून बसलेत. सेक्रेटरींनी सुनेला फोन करून विचारलं, "यांचं काउन्सेलिंग चालू होतं ना?"