"मला हस्तकलेतलं काहीच येत नाही, पोराला काय शिकवू?"

लातूरच्या एका ताईंचा हा अनुभव त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत. त्यांची काळजी मात्र माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी आया बोलून दाखवतात.

मार्गशीर्षातले दिवस होते. ताई आठ वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या आणि खुर्चीत टेकायच्या आधीच बोलू लागल्या. "मॅडम, शाळेतून आलं की हे पोरगं मोबाईलच घेऊन बसायलंय. काढून घेतला की आदळआपट. बाकीच्या बायका लेकरांकडून काय काय करून घेतात, बघते की मी. म्हणून साडेतीनशेचं किट आणलं. दोन दिवसांत कोपऱ्यात पडलं. मला त्यातलं काही येत नाही, आणि दर वेळी पैसे तरी कुठून घालू?"

मुलगा फरशीकडे बघत होता. मी त्याच्यापुढे एक कोरा कागद ठेवला आणि म्हटलं, याचं तुला हवं ते कर. त्यानं हात लावला नाही. हळूच म्हणाला, "मला चांगलं येत नाही. मम्मीच करती."

मग कळलं. शाळेनं थर्माकोलचं घर करून आणायला सांगितलं होतं. ताई रात्री अकरापर्यंत बसून कापत होत्या, पोरगं केव्हाच झोपलं होतं. घराला पहिला नंबर आला. "नंबर त्याचाच आला की," असं त्या कौतुकानं म्हणाल्या आणि मग गप्प झाल्या.

मला तिथंच उत्तर दिसलं. पैशांची किंवा कलेची अडचण नव्हतीच. आपला हात वाईट आहे, हे त्या लेकरानं घरातच शिकून घेतलं होतं. मोबाईलवर निदान कोणी त्याच्या हातातून काम काढून घेत नव्हतं.

येळवस आठ दिवसांवर आली होती. मार्गशीर्ष अमावास्येला शेतात कडब्याची खोपी, म्हणजे कोप, करून पूजा करायचा हा लातूरकडचा सण. मी सहज विचारलं, "तुमच्या शेतात कोप कशी करतात रे?" त्यानं पहिल्यांदा मान वर केली. दोन्ही हात डोक्यावर जुळवून दाखवलं, कडबा असा उभा करायचा, वर बांधायचा, आत दगडांचे पांडव मांडायचे, आंबिलीचं मडकं. पाच मिनिटं बोलत होता.

तेच काम दिलं: घरी छोटी कोप करायची. सामान म्हणजे कडब्याची चार धांडं, बाभळीचे काटे आणि पोत्याची सुतळी. रोज संध्याकाळी अर्धा तास, आणि त्या अर्ध्या तासात आईचाही मोबाईल कपाटात. धांडाची साल मात्र मोठ्यानेच सोलायची. ती पात्यासारखी कापते. आतलं पांढरं भेंड लेकराच्या हातात द्यायचं, त्यात काटा सहज जातो. ताईंना एकच अट घातली, त्याच्या वस्तूला हात लावायचा नाही.

चार दिवसांनी फोन आला. "मॅडम, रोज पडतंय ते. रडतंय. मी नीट करून देऊ का?" मी नको म्हटलं, पण खरं सांगते, ते ऐकून माझाही जीव तुटला. त्यानं चार काड्यांचा चौकोन करून कोपऱ्यांत काटे टोचले होते. बोट लावलं की चौकोन एका अंगाला कलंडायचा. आजी शेजारीच बसून होती. ती एवढंच म्हणाली, "येळवशीला शेतातली कोप नीट बघून ये, बाळा."

येळवस झाल्यावर दोघं आले. पिशवीतून कोप निघाली. आता चौकोन नव्हता, काड्या खाली फाकवून वर सुतळीनं एकत्र बांधल्या होत्या. मी दाबून पाहिली, हलली नाही. "वर भेटल्या की पडत नाहीत," तो म्हणाला. तीन काड्यांचा त्रिकोण कलंडत नाही, चौकोन कलंडतो, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्ता यांनी 1978 मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या शालेय विज्ञान कार्यक्रमात काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांतून मुलांना हीच गोष्ट हातात दिली होती. बाभळीचा काटा तर त्याहून स्वस्त.

धाकटी बहीण तीन वर्षांची. तिच्यासाठी काटे नकोत. दोन वाट्या कणिक, एक वाटी मीठ आणि लागेल तेवढं पाणी घालून घट्ट गोळा मळून द्यायला सांगितलं. तो खारट असतो, म्हणून ती तोंडात घालत नाही ना एवढं बघायचं. कणीक वाया जाते असं वाटलं तर शेतातली काळी माती आहेच. ती वाळताना तडकते, म्हणून चाळलेली राख किंवा बारीक वाळू मिसळायची. फेव्हिकॉल संपला तर मैद्याची खळ शिजवावी, कागदाला ती छान धरते.

मोबाईल सुटला का, असं विचाराल तर नाही सुटला. दोन तासांचा एक तास झाला आहे आणि काढून घेतल्यावरची आदळआपट कमी झाली आहे. एवढ्या दिवसांत याहून जास्त मी कुणालाच कबूल करत नाही. घरात कचरा होतो. ताईंनी एक जुनं पोतं अंथरायला ठेवलं आहे, अर्धा तास झाला की तो ते स्वतः झटकतो.

मागच्या वेळी त्यानं बैलगाडी आणली होती. एक चाक मोठं, एक लहान, गाडी गोल गोल फिरायची. ताईंचा हात पुढे झाला आणि पदराशी परत गेला. त्यांनी विचारलं, "ही कुठं निघाली रे?"

"शेतात," तो म्हणाला. "पण आधी चाक काढून बारीक करतो. काटा दे."