चार माणसंही सांभाळली नाहीत, मग लीडरशिप कशी शिकवू?

प्रश्न : ताई, मी लीडरशिपवर पीएचडी करतेय, पुढे हेच शिकवायचंय. पण स्वतः आजवर चार माणसांची टीमसुद्धा चालवली नाहीये, मग कोणत्या तोंडाने शिकवणार? आधी एखादं मोठं पद घेऊन बघू का?

उत्तर : तुमचं पत्र वाचलं आणि लगेच वॉरन बेनिस आठवले. अमेरिकेत हा विषय विद्यापीठात रुजवणाऱ्यांपैकी मोठं नाव. जन्म १९२५ चा, दुसऱ्या महायुद्धात युरोपात पायदळाचे अधिकारी म्हणून गेले तेव्हा विशीसुद्धा पूर्ण नव्हती, मग एमआयटीतून डॉक्टरेट, तिथेच प्राध्यापकी. आणि १९७१ ला त्यांनी नेमकं तुम्ही म्हणताय तेच केलं, सिनसिनाटी युनिव्हर्सिटीचे अध्यक्ष झाले.

तिथला एक प्रसंग त्यांनीच लिहून ठेवलाय. पहाटेचे चार वाजलेत, हे अजून ऑफिसातच, समोर पत्रांचा ढीग आणि त्यात एका प्राध्यापकाची तक्रार की वर्गात फार गारठा असतो. बदल कसे घडवायचे यावर आयुष्यभर अभ्यास केलेला माणूस आणि सगळा दिवस असल्या किरकोळ कामांनी खाल्लेला! पुढे हार्वर्डमधल्या एका भाषणानंतर तिथल्या डीननी विचारलं, हे अध्यक्षपद तुम्हाला मनापासून आवडतं का, तर यांना उत्तरच सुचेना, बऱ्याच वेळाने म्हणाले, माहीत नाही. मला हा त्यांच्या करिअरमधला सगळ्यात खरा क्षण वाटतो. १९७७ ला पद सोडलं, नंतर साउदर्न कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीत शिकवायला लागले आणि त्यांचं गाजलेलं काम तिथेच झालं, तब्बल ९० लीडर्सच्या मुलाखती घेऊन लिहिलेलं पुस्तक १९८५ ला आलं.

दुसरे जेम्स मॅकग्रेगर बर्न्स, अमेरिकेतले राज्यशास्त्राचे प्राध्यापक. १९५८ ला अमेरिकी काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची निवडणूक लढले, हरले, परत शिकवायला गेले आणि १९७८ ला ट्रान्सफॉर्मेशनल लीडरशिपची, म्हणजे नेता आणि अनुयायी एकमेकांना वरच्या पातळीवर नेतात ही कल्पना मांडून अख्ख्या विषयाची दिशा बदलली.

म्हणून सर्टिफिकेट म्हणून पद घेऊ नका, डीनचा तो प्रश्न आधी स्वतःला विचारा आणि उत्तर हो आलं तरच घ्या. पण नुसती जर्नल्स वाचूनही भागणार नाही हं. कुठल्याही संस्थेत परवानगी काढून महिनाभर मीटिंगांना कोपऱ्यात बसा, कोण बोलल्यावर बाकीचे गप्प होतात, कुणाचा मुद्दा दहा मिनिटांनी दुसऱ्याच्या नावावर जातो, सगळं लिहून काढा, थीसिसमध्येही कामाला येईल.