टेबलावर की बाजूला?

प्रश्न : अमेरिकी सहकाऱ्याने ‘लेट्स टेबल इट’ असं लिहिलं. मी लगेच विषय चर्चेला घेतला, तर तो गोंधळला. माझं काय चुकलं?

उत्तर : तुम्ही ब्रिटिश अर्थ लावलात. ब्रिटनमध्ये ‘टेबल’ करणं म्हणजे विषय चर्चेला मांडणं. अमेरिकेत नेमकं उलट, तूर्त बाजूला ठेवणं. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांत याच शब्दावरून बराच वाद रंगल्याचं चर्चिलने नोंदवलंय. आणि हवं होतं दोघांनाही एकच!

पुढे ‘फॉर नाउ’ किंवा ‘अंटिल मंडे’ असेल, तर विषय लांबणीवर पडला समजा. स्वतः लिहिताना सरळ ‘डिस्कस’ किंवा ‘पोस्टपोन’ वापरा. ‘ऑन द टेबल’ मात्र दोन्हीकडे ‘विचाराधीन’च. टेबलाखालचा अर्थ सांगायला नकोच.