सहा महिन्यांचं शिक्षण पुरेसं आहे का?

प्रश्न : सुनेला अठरावा आठवडा लागलाय. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी सहा महिन्यांचं शिक्षण घेऊन सोनोग्राफी सुरू केली आहे. सोलापूरला जायचं तर अख्खा दिवस मोडतो. यांच्याकडेच केली तर चालेल का?
– एक वाचक, मंगळवेढा

उत्तर : ताई, डॉक्टर एमबीबीएस आहेत ना, एवढं आधी बघा. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याच्या २०१४ च्या नियमांतलं हे सहा महिन्यांचं, ३०० तासांचं शिक्षण एमबीबीएस डॉक्टरांसाठीच आहे. बीएएमएस, बीएचएमएस डॉक्टर अगदी घरच्यासारखे असले, तरी गरोदर बाईची सोनोग्राफी करायला कायदा त्यांना परवानगी देत नाही. सोनोग्राफी केंद्राच्या नोंदणीचं प्रमाणपत्रही भिंतीवर लावलेलं हवं.

मी रेडिओलॉजिस्ट. असे डॉक्टर माझ्या हाताखाली शिकून गेलेत. एका डॉक्टरीणबाईंच्या मापात बाळाचं डोकं वीस आठवड्यांचं आणि मांडीचं हाड अठराचं येत होतं. त्यांचा चेहरा उतरला. मी त्यांच्या हातावर हात ठेवून प्रोब, म्हणजे पोटावर टेकवायचं सोनोग्राफीचं उपकरण, जरासा फिरवला, तर हाडाची दोन्ही टोकं स्क्रीनवर आली आणि माप जुळलं. हाड तिरकं धरलं की आखूड दिसतं. असं चुकत, पुन्हा मोजत हात बसतो आणि त्याला वेळ लागतो.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगते. ठोके, जुळं आहे का, वार कुठे आहे, पाणी किती, पुढे बाळ पायाळू आहे का, हे सगळं तुमच्या डॉक्टरांकडे बघून घ्या. गावात ही सोय झाली याचा मला मनापासून आनंद आहे. वार खाली असल्याचं वेळेत कळलं, तर बाळंतपण कुठे करायचं ते आधीच ठरवता येतं. पण आता करायची आहे ती व्यंग तपासायची सोनोग्राफी. हृदयाचे कप्पे, पाठीचा कणा, मूत्रपिंडं, ओठ असं एकेक त्यात बघतात. त्यासाठी सोलापूरला जाच. वीस आठवड्यांच्या आत जा. डॉक्टर स्वतःच 'पुढे दाखवा' म्हणाले, तर त्यांच्यावरचा विश्वास वाढू द्या.

एफ फॉर्मवर, म्हणजे याच कायद्याने गरोदर बाईच्या सोनोग्राफीसाठी भरायला लावलेल्या अर्जावर, सुनेची सही घेतील, ती नियमाचीच आहे. मुलगा की मुलगी, हे मात्र तिथे कोणी विचारू नका. त्याविरुद्धचा देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये आपल्याच महाराष्ट्राने केला.

जाताना पहिल्या तीन महिन्यांतला रिपोर्ट न्या. बाळंतपणाची तारीख त्यावरूनच धरतात.